दिवा लागल्याचा दिवा

मल्लिनाथ उंबरजे यांनी आयुष्यात एकच धडा शिकवला, आणि तो शिकणाऱ्यांनी इतका पक्का पाठ केला की खुद्द मास्तर 'अहो, तसं नाही हो' म्हणून ओरडायला लागले तरी कुणी त्यांचं ऐकलं नाही. त्याचीच ही हकिकत.

तसा शिकवण्याचा त्यांना अधिकार नव्हता. शाळेत ते प्रयोगशाळा सहायक. म्हणजे प्रयोग शिक्षकांनी करायचा, वाहवा शिक्षकांनी घ्यायची, आणि परीक्षानळी फुटली की हाक मल्लिनाथांना. शाळेत शिपायापासून सगळे त्यांना 'मल्लू' म्हणत. सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत मात्र ते 'सर' होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेचा वारा गल्लीला लागू दिला नव्हता. शाळेतलं कुणी 'घरी येऊ का' म्हणालं, की ते त्याला नवी पेठेतच चहा पाजून तिथूनच वाटेला लावत. माणसाला कुठंतरी मान असावा लागतो हो, निदान स्वतःच्या दारासमोर तरी.

भानगड सुरू झाली ती दुधनीहून, म्हणजे बायकोच्या माहेराहून आलेल्या फोनवरून. भुवनेश्वरीबाईंचे भाऊ गुरुराज यांच्या मुलीचं, काव्याचं लग्न ठरलं. फोन ठेवल्या ठेवल्या बाई पदर खोचून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चार दिवस जायचं आहे. पहिली हळद आत्यानं लावायची असते, आणि काव्याला सख्खी आत्या मी एकटीच. आधीच सांगून ठेवते, या वेळी संध्याकाळच्या एस.टी.नं मी परत येणार नाही."

मल्लिनाथांची नजर आधी दाराच्या कुलपाकडं गेली. कारण चौदा वर्षांपूर्वी हे जोडपं एका रात्रीपुरतं अक्कलकोटला गेलं होतं आणि मागं घरात चोर शिरला होता. चोरानं कुकर नेला, इस्त्री नेली, मल्लिनाथांचे लग्नातले बूट नेले, आणि जाता जाता शेंगाचटणीची बरणी चाटूनपुसून ठेवली. तेव्हापासून घराला नियम झाला: रात्री घर रिकामं ठेवायचं नाही. आता नियम घराचा असला तरी पाळायचा कुणी? मल्लिनाथ शाळेच्या सहलीला जात, निवडणुकीच्या कामाला जात, एकदा तर चांगले पाच दिवस महाबळेश्वरला जाऊन आले. बाई घरी. माहेरच्या प्रत्येक कार्याला त्या सकाळी जायच्या, जेवायच्या आणि मंडपात गप्पांना रंग चढायच्या वेळी पिशवी उचलून स्टँडवर यायच्या. चौदा वर्षांत त्या माहेरी एक रात्र झोपल्या नव्हत्या. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या दिवशी पदर खोचला होता त्यावरून मल्लिनाथांना समजायचं ते समजलं.

"घराचं काय करायचं ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सायन्सचे."

झालं! या एका वाक्यावर मल्लिनाथ पेटले.

फोनवर त्यांनी कुठंतरी बघितलं होतं की मोबाइलवरून घरातले दिवे लावता येतात. त्यासाठी रिले नावाची एक डबी लागते. आपण फोनवर बोट टेकवायचं, डबीत 'टक्' असा आवाज होतो आणि दिवा लागतो. बोट दुधनीत, दिवा सोलापुरात. रोज संध्याकाळी साडेसहाला दिवे लावायचे, रेडिओ लावायचा, साडेअकराला सगळं बंद करायचं. चोर खिडकीखाली आला तर त्याला वाटलं पाहिजे की आत माणसं नांदताहेत. आठ दिवस खपून त्यांनी डबी बसवली. शाळेच्या प्रयोगशाळेतून बोट टेकवलं आणि घरात दिवा लागला. घरी भुवनेश्वरीबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी उठून तो बंद केला, कारण दुपारचे बारा वाजले होते. पण ते सोडा. शोध लागला होता.

त्यांनी तो सगळ्यांत आधी धुळाप्पांना दाखवला. धुळाप्पा समोरच्या घरातले. मूळ मैंदर्गीकडचे, जन्म मेंढरामागं गेला. आता मेंढरं विकून लेकाकडं येऊन राहिले होते. मेंढरं गेली तरी राखायची सवय काही गेली नव्हती, त्यामुळं काठी घेऊन ते आता गल्ली राखत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, फोन उलटा करून बघितला आणि म्हणाले,

"झ्याक हाय. पर एक इचारू का सर? दिवा लागला तर त्यो तुमी लावला का चोरानं लावला, ते आमाला कसं कळायचं?"

"चोर कशाला दिवा लावेल?"

"का न्हाय लावायचा? त्याला दिसाया नगं व्हय? आन तुमीच म्हंताय की हितं रोज दिवा लागणार हाय. मंग त्याला भ्या कसलं? लावंल दिवा आन बसंल पाय पसरून."

मल्लिनाथांनी फोन खिशात घातला. एकतीस वर्षांत भौतिकशास्त्राच्या एकाही शिक्षकानं इतका अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी उत्तर काढलं: दाराच्या वर, रस्त्यावरून दिसेल असा एक छोटा लाल इंडिकेटर. फोनवरून रिलेला हुकूम गेला तरच तो लागणार. हातानं बटण दाबून कुणी दिवा लावला तर तो लागणार नाही. आत उजेड आणि बाहेर लाल, म्हणजे सर. आत उजेड आणि बाहेर अंधार, म्हणजे चोर.

नवी पेठेत सिद्धरामचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. सिद्धराम गिऱ्हाइकाला सामान कमी आणि सल्ला जास्त देतो. मल्लिनाथांनी अगदी हळू आवाजात त्याला काय हवं ते सांगितलं. सिद्धराम तेवढ्याच मोठ्यानं ओरडला,

"म्हणजे दिवा लागलाय हे कळायला दुसरा दिवा?"

दुकानातली सहाच्या सहा गिऱ्हाइकं वळली.

"बरं, मग तो दुसरा लागलाय हे कळायला तिसरा देऊ का? सेट करून देतो की!"

"जो मागितला तेवढाच द्या," मल्लिनाथ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"हा घ्या. पन्नास हजार तास बघायला नको. डब्यावर छापलंय."

मल्लिनाथांनी तिथंच हिशेब केला. रोज पाच तास धरले तर सत्तावीस वर्षं. म्हणजे आपण ऐंशीचे होईपर्यंत या दिव्याला काही होत नाही. आपलं काय होईल ते मात्र डब्यावर छापलेलं नव्हतं.

घरी आल्यावर भिंतीला भोक पाडायचं काम निघालं. तार न्यायची होती मीटरच्या बोर्डाजवळून, आणि तो बोर्ड दोन घरांच्या मधल्या भिंतीवर. मल्लिनाथांनी ड्रिल लावलं, ते सुरसुर आत गेलं, आणखी आत गेलं, आणि पलीकडून शांत आवाज आला,

"सर, तुमचं काय तरी आमच्याकडं आलंय."

या अक्कम्मा. दिवसभर आपल्या ओट्यावर बसून विड्या वळतात. सुपात पान, तंबाखू आणि दोरा, हात आपोआप चालतात, त्यामुळं डोळे गल्लीसाठी मोकळे. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून, बरोबर बसवजयंतीच्या तारखेवर, ड्रिलचं टोक बाहेर आलं होतं. मल्लिनाथ घाईघाईनं माफी मागायला गेले. तोवर कुठल्या तरी तारेला काहीतरी लागून दोन्ही घरांची वीज गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तेवढा वेळ फोनवरून चालणाऱ्या घरात भुवनेश्वरीबाई मेणबत्तीवर आमटी ढवळत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बरं, इंडिकेटर बसला तरी तो लगेच वळणावर येईना. पहिल्यांदा जोडला तर बाईंनी साधं बटण दाबलं तरी तो लागायला लागला. म्हणजे चोर आला तरी लाल! तारा बदलल्या. आता तो दिवे लागले की विझायचा आणि दिवे विझले की लागायचा. त्या अवस्थेत तो एक अख्खी सकाळ दारावर पेटून होता. दहाच्या सुमारास गाल सुजलेला एक गृहस्थ पायरीवर येऊन बसला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की लाल दिव्याच्या घरात डॉक्टर आहेत आणि आत ऑपरेशन चालू आहे. दिवा विझायची तो मुकाट्यानं वाट बघत होता. बाईंनी त्याला लवंग दिली. तो पैसे किती म्हणून विचारत होता.

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. फोन, टक्, लाल. बटण, उजेड, लाल नाही. मल्लिनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, त्यात खोटं काही नाही.

आता राहिली पोलीस चौकी. घर बंद ठेवून गावाला जाताना कळवावं, असं त्यांनी वाचलं होतं. ते रीतसर अर्ज घेऊन गेले. टेबलावरच्या हवालदारांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"घर बंद राहणार की चालू?"

"बंद. पण चालू दिसेल."

"घरात कोण राहणार?"

"कोणी नाही. पण दिवे लागतील, रेडिओ वाजेल."

"मग आम्ही काय समजायचं? रजिस्टरात दोनच रकाने आहेत. बंद घर, आणि इतर."

मल्लिनाथांनी इंडिकेटर समजावून सांगितला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "दिवा लागलाय हे कळायला दुसरा दिवा?" त्यांनी शेवटी विचारलं. त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता, काळजीचा होता. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'बंद असूनही चालू' असं लिहून घर 'इतर'मध्ये टाकलं आणि सल्ला दिला, "शेजाऱ्यांना नीट समजावून ठेवा. तेच खरं कामाला येतं."

मल्लिनाथांनी हे मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी अक्कम्मांच्या ओट्यावर त्यांनी गल्लीचा वर्ग घेतला. शाळेतून खडू आणला होता. भिंतीवर आकृती काढली. वीसेक माणसं समोर बसली होती, सगळी लक्ष देऊन. आयुष्यात पहिल्यांदा ते खडू हातात घेऊन समोर उभे होते आणि परीक्षानळी कुणीच फोडत नव्हतं.

"लाल आहे, दिवे आहेत?"

"सर!" गल्ली म्हणाली.

"लाल नाही, दिवे आहेत?"

"चोर!"

"शाबास."

अक्कम्मांनी विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "आणि लाल नाही, पण तुम्ही फोनवर म्हणालात, मीच लावलाय, तर?"

इथं मल्लिनाथांनी थांबायला हवं होतं. पण समोर वीस माणसं माना डोलावत बसली असताना थांबलेला मास्तर कुणी पाहिलाय?

"तर माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही!" ते कडाडले. "माणूस घाबरतो, विसरतो, चुकतो. चोरानं माझ्या मानेवर सुरी ठेवून मला बोलायला लावलं असेल. इंडिकेटरला चुकता येत नाही. तो म्हणेल ते खरं."

टाळ्या पडल्या. मल्लिनाथ घरात आले ते तरंगतच. भुवनेश्वरीबाई बॅग भरत होत्या.

"दुकानात सांगून झालं, चौकीत सांगून झालं, गल्लीत वर्ग झाला," त्या म्हणाल्या. "घर रिकामं राहणार हे आता फक्त चोराला कळायचं राहिलंय."

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी दूध तापवायला स्वयंपाकघरातला दिवा लावला, हातानं, बटण दाबून. दुसऱ्या मिनिटाला धुळाप्पा काठीसकट स्वयंपाकघरात उभे होते आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली. दूध उतू गेलं. बाई जे काही बोलल्या ते निम्मं कानडीत होतं, त्यामुळं ते इथं सांगता येत नाही. मल्लिनाथांनी मात्र धुळाप्पांचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

"लाल नव्हता नं सर," धुळाप्पा म्हणाले.

"नव्हता! अगदी बरोबर केलंत!"

दुधनीत पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. भुवनेश्वरीबाई भावाच्या अंगणात चुलत बहिणींबरोबर बसून मोठ्यानं हसत होत्या. हे हसू मल्लिनाथांनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदा तर आवाज ओळखू आला नाही. साडेसहा झाले की ते पाण्याच्या टाकीपाशी जायचे, तिथं नेटवर्क बरं होतं, आणि बोट टेकवायचे. लगेच धुळाप्पांचा फोन. "लागला बगा लाल." जावईबापू टाकीजवळ उभं राहून सोलापुरात उजेड पाडतात, ही बातमी दुधनीभर झाली. गुरुराजनी त्यांना दोन व्याह्यांसमोर बोलावून तो प्रयोग करून दाखवायला लावला. मल्लिनाथांचा भाव भलताच वधारला होता.

तिसऱ्या दिवशी हळद. सातला मुहूर्त. साडेसहाला मल्लिनाथांनी बोट टेकवलं आणि मंडपात येऊन बसतात तोच फोन वाजला.

"सर, हळू बोला," धुळाप्पा कुजबुजले. "चोर हाय."

"कुठं?"

"घरात की. दिवं लागलेत. लाल न्हाय."

मल्लिनाथ ताडकन उठले. "अहो, मीच लावले आत्ता!"

"तुमी लावलं असतं तर लाल लागला असता."

"तो गेला असेल! उडाला असेल!"

पन्नास हजार तासांपैकी जेमतेम पंधरा तास जळून तो खरंच गेला होता. पण हे सिद्ध कोण करणार? पलीकडं धुळाप्पांनी गल्लीला सांगितलेलं ऐकू आलं, "सर म्हंत्यात, लाल उडाला असंल." मग अक्कम्मांचा आवाज: "त्यांनीच सांगितलंय, माझं ऐकू नका म्हणून. मानेवर सुरी असंल बिचाऱ्यांच्या."

"माझ्या मानेवर काही नाही!" मल्लिनाथ ओरडले. मंडपातली वाजंत्री थांबली.

"आन सर, दोगं हायत आत," धुळाप्पा म्हणाले. "बोलत्यात."

"काय बोलतात?"

"तुरीवर अळी पडल्याली हाय, त्याचं बोलणं चाललंय."

"अहो, तो रेडिओ आहे! शेतीचा कार्यक्रम! मीच लावलाय तो!"

"रेडिओ असता तर मदी गाणं लागलं असतं."

"लागेल हो गाणं, थोडं थांबा की!"

"एक जण लई शुद्ध बोलतोय. शिकल्याला चोर हाय. शेतकरी बंधूंनो म्हंतोय सारका."

"मग? चोर दुसऱ्या चोराला शेतकरी बंधूंनो म्हणेल का?"

धुळाप्पांनी विचार केला. "व्हय की," ते दचकून म्हणाले. "बंधूंनो म्हंतोय म्हंजी दोगंच न्हायत. लई जण हायत आत."

मल्लिनाथांना वाटलं, बोलण्यापेक्षा करून दाखवावं. ते टाकीकडं धावले आणि त्यांनी सगळं बंद केलं.

"दिवं घालवलं!" फोनमधून गलका आला. "सावध झाली मंडळी!"

त्यांनी पुन्हा लावलं.

"परत लावलं! खुणा करत्यात कुणाला तरी! मागल्या बाजूनं बगा रे!"

मल्लिनाथांनी बोट खिशात घातलं. आता ते जे करतील ते चोरानंच केल्यासारखं होणार होतं. तोवर तिकडं गल्लीत चौकीतले हवालदार पोहोचले. त्यांनी धुळाप्पांचा फोन हातात घेऊन खात्यातल्या आवाजात विचारलं,

"उंबरजे, अर्जानुसार घर बंद असूनही चालू. पण लाल नाही. खरं आहे?"

"खरं आहे, पण..."

"मग दार उघडून बघावं लागणार. एक तर तुम्ही चावी घेऊन या, नाहीतर दार फोडायला घरमालकाची तोंडी परवानगी द्या. शंभरेक माणसं जमलीत, मला फार वेळ थोपवता येणार नाहीत."

दार! अस्सल सागवानी दार, चोरीनंतर मुद्दाम करून घेतलेलं, आतून तीन कड्या, बाहेरून दोन कुलपं. मल्लिनाथ दर दिवाळीला त्याला स्वतः पॉलिश करायचे. कुऱ्हाडीचा घाव त्यांना आत्ताच छातीत लागल्यासारखा झाला. "थांबा, थांबा, आम्ही निघालोच," असं म्हणून फोन तसाच हातात धरून ते मंडपात आले.

काव्या पाटावर बसली होती. तिच्यासमोर भुवनेश्वरीबाई, हातात हळदीची वाटी. गुरुजी घड्याळ बघत होते. मल्लिनाथांनी कानाशी लागून सगळं सांगितलं, पण ते इतकं घाबरून सांगितलं की सगळ्या मंडपानं ऐकलं.

"चोर आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही गं. रेडिओ आहे."

"मग?"

"पण ते दार फोडतील! चावी घेऊन निघू. गुरुराजच्या जीपनं दीड-दोन तासांत पोहोचू."

"तुम्ही जाऊन या की."

"मी एकटा?" मल्लिनाथ गोंधळले. त्या घरात ते कधी एकटे राहिलेच नव्हते. "आणि रात्री घराजवळ कोण? उद्या पुन्हा लग्नाला येताना घरी कोण? तू घरी राहा फार तर. म्हणजे... लग्नाचे फोटो बघता येतील की."

गुरुराज हळूच म्हणाले, "दाजी, आधी बसा, ऊटा माडरी, जेवून घ्या, मग बघू," पण त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. सगळे भुवनेश्वरीबाईंकडं बघत होते. पाटावरची काव्या म्हणाली, "आत्या, जाऊ नको ना."

बाईंचा चेहरा लाल झाला. एवढी वर्षं स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसताना जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. त्यांना रडू आलं, राग आला, आणि रागानं रडू मागं टाकलं. त्यांनी वाटी गुरुजींच्या हातात दिली, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"धुळाप्पा, ऐकू येतंय का?"

"व्हय वैनी."

"दार फोडा."

मल्लिनाथ फोनकडं झेपावले, बाईंनी हात मागं घेतला.

"वैनी, सागवानी हाय," धुळाप्पा चाचरत म्हणाले.

"असू द्या सागवानी. हवालदारसाहेब, घर माझ्या नावावर आहे. मी भुवनेश्वरी उंबरजे, तोंडी परवानगी देते. फोडा."

धाड् असा आवाज आला. मल्लिनाथ जवळच्या खुर्चीवर बसले. ती रिकामी नव्हती, तिच्यावर विड्याच्या पानांचं ताट होतं, पण ते त्यांना समजलं नाही. दुसरा घाव. तिसरा. सागवान इमानदार निघालं, आठ घाव घेतले. मग कडाडून काहीतरी पडलं, पायांचा धबधब आवाज झाला, आणि नेमका त्याच क्षणी रेडिओवर गाणं लागलं.

बराच वेळ फक्त गाणंच ऐकू येत होतं.

"वैनी," धुळाप्पा शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आत कोन न्हाय. रेडिओच हाय."

"बरं. तो बंद करा."

"सर बरोबरच म्हंत हुतं."

"ते आज पहिल्यांदाच बरोबर होते, त्यामुळं तुमची चूक नाही."

"पर वैनी, आता घराला दार न्हाय की."

मल्लिनाथ उठून उभे राहिले. हेच! हेच तर ते म्हणत होते! आता तर दोघांनाही जायलाच हवं. आता घर नुसतं बंदसुद्धा ठेवता येणार नव्हतं. ते काही बोलणार एवढ्यात फोनवर अक्कम्मा आल्या.

"भुवना, तू काळजी करू नको. चूक आमची झाली, आम्हीच निस्तरतो. मी सूप घेऊन तुझ्या हॉलमध्येच बसते. विड्या काय, कुठंही वळता येतात. धुळाप्पानं दारात बाज टाकलीय. आणखी चार जण राहतो म्हणतात. चहाची पत्ती कुठं ठेवतेस गं?"

"खिडकीजवळच्या निळ्या डब्यात. साखर त्याच्या मागं. आणि दूध आणवून घ्या, सगळ्यांना पुरेल एवढं."

"तू येणार कधी?"

भुवनेश्वरीबाईंनी काव्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं, अंगणात पान खात बसलेल्या चुलत बहिणींकडं बघितलं.

"उद्या लग्न आहे. परवा पूजा. त्यानंतर आठ दिवस मी इथंच राहणार आहे."

"आठ दिवस?" मल्लिनाथ किंचाळले. "अगं, घराला दार नाही!"

बाईंनी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला आणि गुरुजींकडून वाटी परत घेतली. आता त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची ते सांगावं तसा.

"अहो, घरात कुणीतरी दिसावं म्हणून चौदा वर्षं मी बसले. आता तिथं अख्खी गल्ली बसलीय. बाजूला सरका बघू, मुहूर्त टळतोय."

मल्लिनाथ बाजूला सरकले, आणि आत्यानं काव्याच्या गालाला पहिली हळद लावली.